इहिरीतलं मीठ

आमच्या तांड्यातल्या इहिरीची गोष्ट कोनी सांगाले बसलं का पह्यले रामधनकाकाचं नाव घेते. मले राग येते. काका माह्या बापाचा सख्खा भाऊ, त्याच्याबद्दल मी वाईट बोलनार नाई. पन इहीर खंदली त्याच्या पोरानं, हेमसिंगनं, आन् खंदवून घेतली हेमसिंगच्या बायकोनं, धनीनं. काकानं तं उलट बंद पाडली होती. बरोबर अकरा दिवस काम बंद होतं. मी तठी होती, माती उचलू उचलू माह्या कमरेचा काटा ढिला झाला होता, म्हनून मले माहीत.

मी जमना. ह्या तांड्याचीच लेक. नवऱ्याचं आन् माह्यं पटलं नाई, तं आपली गठुडी घेऊन मी वापस आली आन् काकाच्या घराले लागून कुडाचं घर बांधून राह्यली. लेक असल्यानं मले घुंगट नाई, कोनासमोर बोलाची बंदी नाई. धनीले होती. सून म्हनून आली तवापासून ती सासऱ्यासंग एक शब्द बोलली नाई, तशी आमच्यात रीतच हाय. तिले काही सांगाचं असलं का ती मले सांगे, मी काकाले सांगो, काका मले सांगे आन् मी तिले. आन् हे सारं तिघंबी हातभरावर उभे असताना! दोघाइलेबी दोघाइचं नीट ऐकू येई, तरी मी आपली मधात.

तांडा आमचा अनसिंगच्या वरच्या आंगाले, मुरमाड टेकडीवर. पानी खाली नाल्यात. उन्हाळा लागला का नाला आटे, मंग रेतीत झिरा उकराचा, त्यात पाझरलेलं पानी कटोऱ्या-कटोऱ्यानं घागरीत भराचं. एक घागर भरेपर्यंत बायकाइची दोन भांडनं होत. त्यातलं एक माह्यंच असे. मंग डोक्यावर दोन भांडे घेऊन चढाव चढाचा, आन् वर आलं का पोरं, ढोरं आन् बुढे, सारे तोंड वासून बसलेले.

नवे पैसे निघाले त्या उन्हाळ्यात धनी चढावर घसरली. डोक्यावरचे दोन्ही मडके फुटले, गुडघा सोलून निघाला. मी मांगं होती. म्हनलं आता रडीन. रडली नाई बापा. खापरं वेचून ओटीत घेतली, घरी आली, हेमसिंगच्या म्होरं ओतली आन् म्हने, "यंदा जऊळक्याले जाऊ नको. अठी आंगनात इहीर खंद."

हेमसिंग दर उन्हाळ्यात जऊळक्याच्या टेसनावर खडी फोडाले जाये. तो खापराकडे पाह्यत म्हने, "आंगनात? खाली खडक हाय ना."

"रेलवाईचा खडक फोडतं, तं घरचा फोड."

हेमसिंग कुदळ हुडकाले उठला. मंग धनीनं मले काकाकडे धाडलं. काका बैलापाशी चिलीम ओढत बसला होता. सारं ऐकून म्हने, "सांग तिले, खंदा म्हना. पन पानी नाई लागलं तं खड्डा हेम्यालेच बुजवा लागीन."

धनी कुडाच्या मांगंच उभी होती. "सांग तुह्या काकाले," ती म्हने, "बुजवाले मीबी लागीन."

जागा तिनंच दाखवली. आंगनाच्या कोपऱ्यात, जठी आमचं लाल कुत्रं भर उन्हात पोट टेकून निजे. म्हने, कुत्र्याले जमिनीचा गारवा समजते. होळी झाली, आन् हेमसिंगनं पह्यली कुदळ मारली.

हातभर काळी माती निघाली, मंग मुरूम. हेमसिंग खाली खंदे, टोपलं भरे; वर धनी आन् मी दोर ओढो. पह्यल्या आठ दिवसात माह्या तळहाताले फोड आले, दुसऱ्या आठ दिवसात फुटले, मंग हात असे झाले का भाकर थापली तं भाकरीले ओरखडे पडत. हेमसिंगच्या आंगातून घामाच्या धारा लागत. कुदळीच्या दांड्यावर पांढरे डाग पडले होते. दुपारी तो वर येई तवा लंगोटीपासून कपाळापर्यंत एकाच रंगाचा, डोळे तेवढे मानसाचे. धनी त्याले पाह्यून हासे. "भूत आलं व माय," म्हने, आन् ताक देई. तो असा गटागटा पेये का त्याचा गळा पाह्यूनच मले तहान लागे.

दोन पुरूस खाली गेलो. पुरूस म्हंजे हात वर करून उभा राह्यलेला मानूस. तशे दोन मानसं एकावर एक मावतीन एवढा खड्डा. तठी मुरूम कडक झाला, आन् एक दिवस कुदळीचा आवाज बदलला. ठक्क. मंग पुन्हा ठक्क. खालून हेमसिंग वरडला, "जमने, टोपलं सोड! काहीतरी चमकून राह्यलं!"

टोपलं वर आलं तं त्यात दगड. बाहेरून मातकट, खडबडीत, नासक्या कोहळ्यावानी गोल. त्यानं घनानं दोन फोडले होते. आन् आतमंधी, काय सांगू! आतमंधी पोकळ, आन् त्या पोकळीले चारीकडून दानेच दाने. काचेवानी. प्रत्येक दान्याले टोक, धार. उन्हात धरलं तं माह्या डोळ्याले टोचलं. धनीनं हात फिरवला आन् बोट मांगं घेतलं, "चावते व हे."

पाच मिनिटात सारा तांडा आंगनात. कोनी म्हने खडीसाखर, कोनी म्हने तुरटी. रंगूबाई म्हने हे दाने काढून कांचळीले, आपल्या चोळीले, लावू, आरसे महाग झाले. तिनं एक दाना दातानं उपटून पाह्यला, दातच हालला. एक दगड ह्याच्या हातातून त्याच्या हातात, त्याच्या हातातून तिच्या हातात. वैशाखाचं ऊन, साऱ्याइच्या हाताले पानी सुटलेलं.

मंग काका उठला.

आता काकाचं एक सांगते. आमचे लमान लोक मिठाचे. काकाचा आजा बैलाइच्या पाठीवर गोनी लादून दूर समुद्राकाठून मीठ आने, ह्या मुलकात इके. लदेनी म्हनत त्याले. रेलवाई आली, लदेनी बसली. काकाच्या बापाच्या हातीच गोनी उरली नव्हती, तं काकाच्या हाती कुठून येनार! त्यानं जल्मात मीठ लादलं नाई, दुकानातून पुडी आनली तेवढीच. पन आज्याची एक फाटकी गोनी आढ्याले टांगून ठेवली होती, आन् कोनी पावना आला का त्या गोनीखाली बसवून त्याले मिठाच्या जाती सांगे. खाडीचं कसं, खानीचं कसं, पावसात भिजलेलं कसं. पावना उठू उठू करे, काका बसवून ठेवे.

तं असा काका आला. लोक बाजूले झाले. त्यानं दगड घेतला, फिरवला, नाकाले लावला. मंग डोळे मिटले आन् जीभ काढून त्या दान्यावर फिरवली. एकदा. दोनदा.

"मीठ हाय," काका म्हने.

त्यानं दगड छातीशी धरला. "खडकाचं मीठ. माह्या आज्यानं सांगतलं होतं, जमिनीच्या पोटातबी मीठ रायते म्हनून."

हेमसिंगनं चाटलं. "खारं हाय गड्या!" रंगूबाईनं चाटलं. म्या चाटलं. खोटं कायले बोलू, खारंच होतं, देवाशपत खारं. काका म्हने, "मानसाची जीभ फसन एखांद्या वेळेस. बैलाची नाई फसत. आना हौश्याले."

हौश्या म्हंजे काकाचा लाडाचा बैल, कपाळावर चांद. त्याच्या म्होरं दगड धरला. त्यानं हुंगला, आन् लांबलचक जीभ काढून असा चाटाले लागला का दगड हातातून सोडीना. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. काकानं फेटा नीट केला. सत्तर वर्साचा मानूस, त्या दिवशी पन्नासाचा दिसून राह्यला होता. आन् मंग त्यानंच म्हनलं, "काम बंद करा. खाली मीठ, म्हंजे पानी खारं. कायले मराचं त्या खड्ड्यात?"

धनीच्या हातातलं टोपलं तसंच राह्यलं. घुंगटातून तिनं मले कोपर मारलं. "इचार तुह्या काकाले, नाल्यातला झिरा गोड हाय, तं एवढ्याशा दूर जमीन खारी कशी?"

"सांग तिले," काका म्हने, "एका मायचे दोन लेकरं एकासारके रायतात का?"

लोक हासले. धनी घरात गेली. चुलीपाशी तिनं अशा जोरानं लाकडं मोडली का मले वाटलं चूलच मोडते.

दोन दिवसानं काका त्यातला बरा दगड निवडून धोतराच्या कपड्यात बांधून अनसिंगच्या बाजाराले निघाला. मले आन् हेमसिंगले संग घेतलं. त्याले वाटे शालिग्राम किरानावाला पाह्यताच म्हनन, वा रामधन, आनखी किती हाय? शालिग्राम मानूस वाईट नाई, पन तोंडाचा फटकळ. काकानं दगड त्याच्या पाटावर ठेवला.

"वळख."

शालिग्रामनं उजेडात धरला. "वळखाचं काय? गार हाय, गारगोटी."

"चाटून पाह्य."

"मी लोकाइचं उष्टं चाटत नाई. सकायपासून कोनकोन चाटलं हाय हे?"

काका म्हने मीठ हाय, बैलानंबी चाटलं. शालिग्रामनं एक दाना टोकरून काढला, पान्याच्या पेल्यात टाकला. आमी बाजार केला, मिरच्या घेतल्या, वापस आलो. दाना जसाचा तसा, उलट धुतल्यानं जास्त चमकून राह्यला होता. काका म्हने, "समुद्राचं मीठ लवकर इरघळते. हे खडकाचं, मुरलेलं."

"बरं, तुही चकमक काढ."

काका आगपेटी वापरत नसे. त्याच्या थैलीत लोखंडाचा तुकडा, गारेचा दगड आन् कापूस असे, त्यावरच चिलीम पेटवे. शालिग्रामनं त्या थैलीतलं लोखंड घेतलं आन् आमच्या दगडावर हानलं. चर्रकन ठिनगी उडाली. पुन्हा हानलं, पुन्हा ठिनगी. "पाह्यलं? मीठ ठिनगी देते का? तुह्या थैलीतली गार आन् हे गार, दोघी बहिनी. एक काळी, एक नटवी. पोकळीत जागा भेटली का गारेले अशे दाने धरतात. आमच्या मारोतरावच्या इहिरीत असे गाडीभर निघाले, आन् पानी अमृतावानी हाय."

मले तठीच नाचावंसं वाटलं. पन काका म्हने, "ठिनगी लोखंडातून निघते, दगडातून नाई. तू तराजूवाला. तुले तोलता येते, पारखता नाई."

दुकानात गिऱ्हाईकं होते. त्यातला एक दात काढून म्हने, "चाटू दे ना बुढ्याले. लमानाले गारबी खारी लागत असन."

सारं दुकान हासलं. शालिग्रामबी हासला, मंग त्याले वाईट वाटलं, पन हासून झालं होतं. काकाचे कान लाल झाले. त्यानं दगड उचलला, कपड्यात बांधाले लागला, तं गाठ बसेना. हेमसिंगनं बांधून देतो म्हनलं तं त्याचा हात झटकला. मी त्या दात काढनाऱ्याले दोन शब्द सुनावले, ते अठी सांगाचे नाईत.

रस्त्यानं काका आमच्या म्होरं म्होरं चालला. घरी आल्यावर दगड गोनीखाली ठेवला आन् म्हने, "मीठच हाय. इहिरीचं नाव काढाचं नाई."

आता पंचाइत पाह्य. दगड गार हाय हे हेमसिंगले पटलं होतं, मले पटलं होतं, धनीले तं आधीपासूनच पटलं होतं. पन बानं नाई म्हनलं म्हनून हेमसिंग कुदळीले हात लावीना. मी त्याले लय बोलली. तो म्हने, "जमने, गार हाय तं बैलानं काहून चाटली? तुह्या जिभेले खारी काहून लागली? ह्याचं उत्तर दे, मंग मी बाले बोलतो." त्यानं ठरवून टाकलं, येत्या बुधवारी जऊळक्याले जातो, खडी तं खडी.

तो गेला असता तं झालं होतं. पाऊस आला असता, खड्डा पान्यानं आन् मातीनं भरला असता, आन् धनी झिऱ्यावर कटोरा घेऊन म्हातारी झाली असती. हे तिले माहीत होतं. ती बोलेना, जेवेना. झिऱ्यावर कोनी भांडलं तं आपली जागा सोडून देई. तिनं जागा सोडली म्हंजे बाई आतून बिमार हाय, असं मी समजो.

मंगळवारची गोष्ट. दिस कलला होता. आमी दोघी झिऱ्यावरून आलो. मी घागर उतरवली, बाही वर केली आन् हौश्याच्या दावनीपाशी वारा घेत बसली. घामानं आंग चिपचिप करून राह्यलं होतं. हौश्यानं मान लांब केली आन् माह्या दंडावर जीभ फिरवली. खरखरीत! "हो तिकडे मेल्या," म्हनून म्या त्याले हाकललं. तो पुन्हा आला. पुन्हा चाटलं.

धनी उभीच राह्यली. तिनं घागर डोक्यावरून उतरवलीच नाई. हौश्याकडे पाह्ये, माह्या दंडाकडे पाह्ये. मंग एकदम म्हने, "कुदळ आन."

"कायले?"

"आन म्हनलं ना!"

म्या कुदळ आनली. धनीनं तिचा दांडा हौश्याच्या तोंडाम्होरं धरला, जठी ते पांढरे डाग पडले होते. हौश्यानं तो दांडा असा चाटला जसा काही ऊस. धनी मटकन खाली बसली, घागरीसकट. आन् हासाले लागली. हासता हासता पदर तोंडात कोंबला. मले वाटलं उन्हानं हिचं डोकं फिरलं.

"घाम व जमना!" ती म्हने. "घामाचं मीठ! त्या दगडाले साऱ्याइचा हात लागला होता!"

मंग तिनं खड्ड्याजवळच्या ढिगातून एक दगड घेतला. घागरीतलं लोटाभर पानी घेतलं, आमच्या तोंडचं पानी, आन् राखेनं घासून दगड धुतला. कपड्यात धरून हौश्याम्होरं ठेवला. हौश्यानं हुंगला आन् तोंड फिरवलं. पुन्हा ठेवला. त्यानं जोरानं श्वास सोडला, कान हालवले. मंग हेमसिंगले हाक मारली. तो लाकडं फोडत होता. त्याच्या काखेत तोच दगड कोंबला, म्हनलं फोड आता लाकडं. तो म्हने काय लावलं हे? धनी म्हने, "चूप. फोड." तो बिचारा एक हात आंगाशी आवळून कुऱ्हाड चालवे, दाने काखेत टोचत तसा ओय ओय करे. आमी दोघी भिंतीले टेकून पोट धरून हासलो. मंग दगड काढला, हौश्याले देल्ला. हौश्या चाटून चाटून थकला नाई.

हेमसिंग हासला नाई. तो खाली बसून आपल्या हाताकडे पाह्यत राह्यला.

मी म्हनलं, चला, आत्ताच साऱ्या तांड्याले गोळा करते, तांड्याच्या पुढाऱ्याले, नायकाले, बोलावते, बुढ्याच्या म्होरं हौश्याले उभा करते. धनीनं माह्यं मनगट धरलं. लय जोरात धरलं. "नाई. बाजारात त्याइचं हासं झालं ते पुरे झालं. घरात आपन नाई करनार."

"मंग उद्या हा जाते जऊळक्याले, ते चालते तुले?"

"त्याइची नजर हाय," ती म्हने. "त्याइलेच दिसू दे."

बुधवारी सकायी धनीनं हौश्याच्या गव्हानीत दोन दगड ठेवले. एक नवा, धुतलेला, एक हेमसिंगच्या काखेतला. आन् घागर घेऊन झिऱ्यावर चालली गेली. मागं वळून पाह्यलं नाई. मले जा म्हनली होती, पन मी कुठं जाते! मी कुडाच्या फटीले डोळा लावून बसली. हेमसिंगची गठुडी दारात बांधून ठेवलेली होती.

काका उठला, तोंड धुतलं, रोजच्यावानी हौश्यापाशी येऊन बसला. चिलीम भरली. हौश्या एका दगडाले चाटून राह्यला होता. दुसऱ्याकडे ढुंकून पाह्ये ना. काकानं थोडा वेळ पाह्यलं. मंग उठून दगडाइची जागा बदलली. हौश्यानं मान फिरवली, तोच दगड चाटाले घेतला. काकानं दोन्ही उचलले. धुतलेला चाटला. दुसरा चाटला. पुन्हा धुतलेला चाटला. चिलीम इझून गेली तरी त्याले समजलं नाई. तेवढ्यात हौश्यानं मान पुढं केली आन् काकाच्याच मनगटावर जीभ फिरवली.

काका बसून राह्यला. मी मोजत नव्हती, पन माह्या पायाले मुंग्या आल्या एवढा वेळ बसून राह्यला. मंग त्यानं फेटा काढला. कपाळावरून बोट फिरवलं. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, आन् ते बोट जिभेले लावलं.

माह्या पोटात हासू उसळलं होतं, पन तोंडातून निघालं नाई. काकाचा चेहरा पाह्यून नाई निघालं. अशी लाज म्या कोन्या म्हाताऱ्या मानसाच्या तोंडावर पाह्यली नव्हती. मले त्याची माया आली, खरंच सांगते.

मंग त्यानं फेटा बांधला, खाकरला, आन् दारात जाऊन वरडला, "हेम्या! गठुडी सोड ते. कुदळ घे."

हेमसिंग म्हने, "बा, पन मीठ..."

"वरच्या थराले होतं. सरलं आता. खाली गोड हाय. मले आज उमजलं."

धनी झिऱ्यावरून आली तं खड्ड्यातून ठक ठक आवाज येत होता. तिनं घागर उतरवली. काका दुसरीकडे तोंड करून बसला होता. ती मले म्हने, "सांग तुह्या काकाले, त्याइले उमजलं तेच खरं." म्या सांगतलं. काका नुसता हं म्हनला, आन् हौश्याच्या पाठीवरून हात फिरवत बसला.

मंग खडक लागला. काळा, कठीन. त्याची काय सांगू! छिन्नी, घन, सब्बल. दिवसभर मारलं तं संध्याकाळी वीतभर. छिन्नीचं तोंड तीनदा बसलं. हेमसिंगच्या अंगठ्याचं नख गेलं. काका वरून खाली वाकून सांगे, अठी मार, तठी मार, आन् हेमसिंग त्याच्या सांगन्यापरमानं न मारता आपल्या हिशेबानं मारे. एक दिवस धनीबी खाली उतरली. काका दिसला का ती खालूनच घुंगट वढे, मी म्हनलं, "अवं, तीन पुरूस खाली तुह्यं तोंड कोन पाह्यते?" ती म्हने, "खडक पाह्यते ना."

बाराव्या दिवशी खडकात फट लागली. फटीले तेच दाने, लांबच्या लांब, दोन्ही काठाले. हेमसिंगनं सब्बल घातली, आंग टाकलं. फट उघडली, आन् आतून पानी आलं. धार नाई, काही नाई. जशी गाय पान्हा सोडते तसं हळूहळू. पन थांबेना. घोट्याले लागलं. हेमसिंग खालून काय वरडला ते त्यालेबी सांगता आलं नाई मंग.

सारा तांडा जमला. गोविंदसिंग नायक आला, काठी टेकत. काका म्हने, मी उतरतो. लोक म्हने बुढ्या, पडशीन. त्यानं ऐकलं नाई. आमी त्याले टोपल्यात बसवून दोरानं खाली सोडलं, आठ जनाइनं दोर धरला होता. मंग दोर हालला. वर वढलं. काका टोपल्यात बसलेला, मांडीवर भरलेला लोटा, तळहातानं झाकलेला.

काठावर आला आन् नायकानं टोला मारलाच. "काय रामधन, निघालं का तुह्यं मीठ?"

लोक हासाले लागले. धनी माह्याजवळ उभी होती. मी मनात म्हनलं, काका, सांग ना आता, वरच्या थराले होतं म्हनून. कोन इचारते?

काका टोपल्यातून उतरला. लोटा सांडू नये म्हनून सावकाश. "मीठ होतं, नायक," तो म्हने. "खडकात नव्हतं. हेम्याच्या हाताले होतं, सुनेच्या हाताले होतं, ह्या जमनीच्या हाताले होतं. म्या जिभेनं चाटलं, आन् मले माह्या पोराइचा घाम वळखू आला नाई. त्याले म्या आज्याचं मीठ म्हनलं."

हासू थांबलं. नायकानं काठीवरचा हात बदलला. मंग तोच हळूच म्हने, "आन् पानी?"

काका लोटा घेऊन चालाले लागला. म्या पह्यले सांगतलं तसं त्याचं वाईट बोलनार नाई मी. त्या घडीले तं नाईच नाई. तो नायकाच्या म्होरून, हेमसिंगच्या म्होरून आमच्याजवळ आला आन् लोटा म्होरं केला. "जमना, तिले सांग, पह्यला घोट तिचा. मी अजून चाखलं नाई."

मले सांगा लागलं नाई. धनीनं दोन्ही हातानं लोटा घेतला, घुंगटाच्या आत नेला आन् प्याली. घोटभर नाई, सारा लोटा, खाली न ठेवता. आमी सारे कोरड्या तोंडानं उभे. मंग तिनं लोटा उलटा करून दाखवला. एक थेंब पडला, आन् काका एवढ्या जोरानं हासला का हौश्यानं दावं वढलं. हेमसिंगनं धनीच्या हातातला लोटा घेतला आन् दुसरा भरून आनाले दोर धरून खाली उतरला.